आवाज बसला नव्हता

हे बोलून सांगायला बसले असते, तर पहिल्या चार वाक्यांतच दम संपला असता. म्हणून लिहिते आहे. माझ्यासारखी माणसं बरीच असणार, घरोघरी. त्यांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या काही कामी आलं तर बरं.

मी वसुधा. पंचाहत्तरीला आले आहे. माहेर इंदूरचं, सासरही इंदूरचंच. वडील कापडगिरणीत क्लार्क होते, म्हणून आमचं कुटुंब इथे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि जिभेवर दोन्हींची खिचडी. लिहितानाही ती येणारच.

नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये केली. तेव्हा बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे आणि आम्ही मुली तो जोडून द्यायचो. लाइन खराब असली की हेडफोन लावून ओरडत बसायचं, "हॅलो बेटमा! बेटमा, इंदौर से बोल रहे हैं!" बेटमा काही लांब नाही, धारच्या रस्त्यावरच आहे. पण पावसाळ्यात तिथली लाइन अशी खरखरायची की बोलणारा सातासमुद्रापार असावा. बाकीच्यांना जमलं नाही की सुपरवायझर बाई म्हणायच्या, "वसुधा को दो." माझा आवाज त्या खरखरीतून पार जायचा. दिसायला मी साधारणच होते, पण आवाजाचा मला अभिमान होता.

माझे यजमान, मनोहर, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात फोरमन होते. त्यांच्या शेडमध्ये पत्रा ठोकणाऱ्या मशिनी दिवसभर धडधडायच्या. कानात बोळे घालायची तेव्हा कुणाला सवय होती? रिटायर झाले तेव्हा उजवा कान जवळजवळ गेलेला होता, डावा अर्धा. पण त्याचं आम्हाला फार काही वाटलं नाही. साऱ्या जगाला ते "क्या? क्या?" विचारायचे. मला विचारावं लागत नसे. मुलगा निखिल नोकरीनिमित्त बंगळूरला गेला, घरात आम्ही दोघंच उरलो, तरी वीसेक वर्षं संसार निवांत चालला. माझा आवाज त्यांना पुरत होता.

*

सुरुवात नेमकी कधी झाली ते सांगता येत नाही. आधी संध्याकाळ झाली की आवाज थकायला लागला. मग गणपतीत आरतीच्या वरच्या सुराला नुसती हवा निघाली. म्हटलं, बसला असेल. हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं. बसलेला आवाज चार दिवसांनी उठतो. हा उठेना.

मग फोनवर लोक मला "अंकलजी" म्हणायला लागले. गॅस सिलिंडर बुक करत होते, तर पलीकडचा म्हणाला, "अंकलजी, जरा जोर से बोलिए." मी फोन ठेवून दिला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. कुणी कानफटात मारावी तसं वाटलं.

पण आवाज बदलला हे दुःख लहान होतं. बोलायला किती ताकद लागायला लागली, ते मोठं होतं. पंक्चर ट्यूबमध्ये पंपानं हवा भरत राहावं, तसं. पोटाचे स्नायू दुखायचे, मानेच्या शिरा ताठायच्या, तास-दोन तास पाहुण्यांत बसले की पाठ मोडून यायची. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि माझी हवा तिथवर पोचतच नसे. "दूध गॅसवर..." एवढंच बाहेर यायचं. ठेवलंय, ठेवते की ठेवा, हे समोरच्यानं ओळखायचं.

मग नकळत मी शब्द वाचवायला लागले. पहिले गेले ते मऊ शब्द. "अहो", "जरा", "बरं का", "खाल्लंत का नीट", हे सगळं गेलं. उरलं ते "जेवा", "गोळी घ्या", "दार लावा." माणूस असं बोलायला लागलं की इतरांना वाटतं, ही चिडकी झाली. एकदा मी निखिलशी फोनवर बोलत होते, तेव्हा त्याची बायको श्वेता शेजारून त्याला हळूच म्हणाली, "आई आजकाल तुटक बोलतात ना?" माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता, पण तिचा मला स्पष्ट ऐकू आला. मी तुटक नव्हते ग, थकलेली होते. एवढं सांगायलाही जोर हवा होता.

*

डॉक्टरकडे जायचं मी टाळत होते, कारण माझी मोठी बहीण माई घशाच्या कॅन्सरनं गेली. तिचंही आधी असंच "बसलाय ग" होतं. तिचे शेवटचे दिवस मी पाहिले होते. म्हणून रोज सकाळी उठल्यावर मी गळ्याभोवती बोटं फिरवायची, गाठ लागते का बघायची, आणि कुणाला सांगायची नाही.

अखेर यांनीच धरून नेलं. तुकोगंजमध्ये एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. बाहेर बाकावर बसलो होतो. हे एकसारखे मला काहीतरी विचारत होते, मी उत्तर द्यायची, त्यांना ऐकू जायचं नाही, आणि सगळे पेशंट आमच्याकडे बघायचे. शेवटी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि गप्प बसले. त्यांचा हात गार पडला होता. म्हणजे माईची आठवण त्यांनाही आली होती.

आत घशात कसलासा कडू फवारा मारला. जीभ, टाळू, सगळं लाकडाचं झालं. डॉक्टरांनी नळी आत घातली आणि म्हणाले, "ईऽऽ बोलिए माताजी." समोरच्या पडद्यावर माझा गळा दिसत होता. मी डोळे मिटून घेतले. मनात म्हटलं, आता हे डॉक्टरही गप्प होतील. माईच्या वेळी डॉक्टर असेच गप्प झाले होते.

"आँखें खोलिए, देखिए ना," डॉक्टर म्हणाले. "कैंसर-वैंसर कुछ नहीं है."

पडद्यावर दोन फिकट पट्ट्या होत्या. मी आवाज काढला की त्या एकमेकींकडे यायच्या, पण मधे टेकायच्या नाहीत. बारीक फट राहायची. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. वयानं त्या झिजतात, पातळ होतात, आणि मधल्या फटीतून हवा निसटून जाते. "आवाज भी बूढ़ी होती है, माताजी. जैसे घुटने होते हैं."

मला रडू आलं. सुटकेचंच होतं ते. डॉक्टर पुढे म्हणाले की व्यायाम आहेत, शिकवणाऱ्या थेरपिस्ट असतात, आणि नाहीच जमलं तर पट्ट्या भरून यायला इंजेक्शनही देता येतं. मी मान हलवत राहिले. कॅन्सर नाही, याच्यापुढचं काही डोक्यात शिरलंच नाही.

बाहेर आले तर हे उठून उभे. "काय म्हणाले?"

"काही नाही."

"काय?"

"कॅन्सर... नाही." फवाऱ्यानं जीभ जड झालेली, दम संपलेला. तिसऱ्यांदा त्यांनी "काय?" विचारलं तेव्हा त्यांचे ओठ थरथरत होते. अर्धंच ऐकू गेलं होतं त्यांना, आणि ते कोणतं अर्धं, हे मला कळलं. माझ्या तोंडून हवेशिवाय काही निघेना. शेवटी काउंटरवरच्या बाई ओरडल्या, "अंकलजी, कैंसर नहीं है! सब ठीक है!"

सगळ्या वेटिंग रूमनं ते ऐकलं. हे खाली बसले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले.

*

"सब ठीक है" या तीन शब्दांनी माझा घात केला. निखिलला फोनवर कळवलं, तो म्हणाला, "चला, सुटलो! काही नाही मग." नणंद म्हणाली, "वय झालं की व्हायचंच." सगळे खरंच बोलत होते. कॅन्सर नव्हता, साखर नव्हती, ताप नव्हता. ज्याला आजार म्हणून धड नावही नाही, त्यासाठी कोण थेरपिस्टकडे जाणार, रिक्शा करून, आठवड्यात दोनदा? मीही गेले नाही.

आणि घर बंद होत गेलं.

यांच्याकडे कानात घालायचं मशीन होतं. ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात पडून राही. सकाळी चहाच्या वेळी मी काही सांगायची. "काय?" परत सांगायची. "काय म्हणालीस?" तिसऱ्यांदा सांगताना माझा चेहरा रागावलेला दिसायचा, कारण ताकद लावताना माणसाचा चेहरा तसाच होतो. मग हे म्हणायचे, "चिडतेस कशाला?" मी हात झटकून आत जायची. माझ्या एका वाक्यापायी रोज सकाळी भांडण.

काही महिन्यांनी मी सांगणंच सोडलं. कुणाचं लग्न ठरलं, समोरच्या घरात कोण नवीन आलं, आज अंग का दुखतंय, सगळं पोटात. भजनाच्या मंडळात जाणं बंद केलं. भाजीवाल्याला बोटानं दाखवायचं. रिक्शात बसायचं तर पत्ता दोनदा सांगावा लागतो, म्हणून रिक्शातच बसायचं नाही. दुपारी टीव्ही मोठ्यानं लावून हे बसायचे आणि मी खिडकीशी. एकदा ते टीव्ही बंद करून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"माझ्यावर राग आहे का तुझा?"

मी मान हलवली. नाही.

"मग बोलत का नाहीस?"

काय सांगणार? आवाज म्हातारा होतो हे डॉक्टरांनी दाखवलं होतं. तो वापरला नाही तर आणखी झिजतो, हे मला नंतर कळलं. मी गप्प बसून तो वाचवत नव्हते, संपवत होते.

*

त्या दिवशी सकाळी पोहे केले होते. हे टेबलाशी बसले होते. मी चहा आणला आणि पाहिलं तर यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून पोहे खाली पडत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. हातातला चमचा सुटला. मी खांदा धरला. ते माझ्याकडे बघत होते, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि सबंध शरीर खुर्चीतून सरकायला लागलं होतं. मी टेबल पोटाशी ओढून त्यांना अडकवलं आणि फोन घेतला. फोनमध्ये पहिला नंबर निखिलचा.

"हां आई, बोल."

मी बोलले. मला वाटतं मी "बाबांना" म्हणाले. घाबरल्यावर गळा आणखी आवळतो. हवा होती, आवाज नव्हता.

"आई? हॅलो? आवाज येत नाहीये. नेटवर्क गेलंय बहुतेक. मी मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो हां."

फोन बंद झाला. परत लावला, त्यानं कट केला.

मी गॅलरीत धावले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली मुकेश भियांचं, म्हणजे मुकेशभैयांचं, रंगाचं दुकान आहे, बऱ्याच वर्षांची ओळख. ते नुकतंच शटर उचलत होते. मी हाक मारली. त्याच वेळी गल्लीत कचऱ्याची गाडी शिरली, तिच्या भोंग्यावर रोजचं गाणं. इंदूरच्या माणसाला सांगायला नको, ते गाणं सगळ्या मोहल्ल्याला उठवतं. मी कठड्यावर वाकून ओरडत होते आणि माझं ओरडणं मलाच ऐकू येत नव्हतं. खाली बायका डबे घेऊन आल्या होत्या. एकीनं वर पाहिलं, हसली, हात हलवला. तिला वाटलं, मी नमस्ते करते आहे.

मी आत गेले, ओट्यावरचं जाड स्टीलचं ताट उचललं आणि गॅलरीतून खाली टाकलं.

ते फुटपाथवर आपटलं तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं. मुकेश भिया ओरडले, "क्या हुआ काकीजी?" मी दोन्ही हातांनी बोलावलं. ते जिन्यानं धावत आले. पायांत चपलाही नव्हत्या.

*

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर विचारत होता, "कब से हुआ? कितने बजे?" मला माहीत होतं. मीच सांगू शकत होते. पण आजूबाजूला स्ट्रेचर, मॉनिटर, माणसांचा कल्लोळ. मी सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं मुकेश भियांना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, "कोई बताएगा? टाइम इम्पॉर्टेंट है!"

एका नर्सनं मला पाहिलं. थोराड, सावळ्या, केरळच्या होत्या. त्यांनी मला "जोर से बोलो" म्हटलं नाही. हातातलं काम ठेवलं, माझ्याजवळ आल्या, वाकल्या आणि आपला कान माझ्या तोंडाशी आणला. "बोलो अम्मा." मी सांगितलं. त्यांनी ते मोठ्यानं डॉक्टरला सांगितलं. मला त्यांचं नाव माहीत नाही. पण या सगळ्या काळात माझ्यासाठी वाकलेलं पहिलं माणूस त्या होत्या.

औषध दिलं. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचेल, उजवी बाजू बहुधा येणार नाही. जाता जाता म्हणाले, "थोड़ा और पहले आ जाते तो..." आणि वाक्य तिथेच सोडलं. त्यांची हवा संपली नव्हती. मला त्रास नको म्हणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी निखिल आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर खाली बसला.

"आई, मला खरंच वाटलं नेटवर्क गेलं."

मी "जाऊ दे" म्हणाले.

"काय?"

मी पुन्हा म्हणाले नाही. ताकद नव्हती, की मनच नव्हतं, हे माझं मलाही अजून सांगता येत नाही. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. ते त्याला पुरलं नाही, आणि मलाही.

*

मेघा त्याच हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट होती. यांना गिळता येतंय का, बोलणं कितपत आलंय, ते बघायला यायची. मूळची नाशिकची, लग्नाआधीच नोकरीसाठी इंदूरला आलेली. मराठी ऐकून मला बरं वाटलं. ती यांची तपासणी करत होती आणि मी मधे काही सांगायला गेले, तशी ती थांबली.

"काकू, तुमचा आवाज किती दिवसांपासून असा आहे?"

"वय," मी म्हणाले.

"वय तर आहेच. पण वय आहे म्हणून काहीच करायचं नाही, असं कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हीच ठरवून टाकलं होतं.

हे घरी आले ते पलंगावरच. उजवा हात, उजवा पाय निर्जीव. बोलणं जड, पण कळायचं. सकाळी एक बाई येऊन अंग पुसून जायची, बाकीचं मी करायची. त्या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी घरात असा माणूस सांभाळलाय त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना माझ्या चार ओळींनी कळणार नाही. मला एवढंच आठवतं की मी सतत थकलेली होते, आणि कधी कधी त्यांना कुशीवर वळवताना मनात नको ते विचार यायचे.

मेघानं मला व्यायाम दिले. ग्लासात पाणी घ्यायचं, त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि "ऊऽऽ" करत बुडबुडे काढायचे. लहान मुलांचा खेळ. पहिल्या दिवशी दोन श्वासांत मी दमले. मग ओठ मिटून गुणगुणायचं. मग पोटात श्वास घेऊन एकच शब्द, स्वच्छ, शेवटापर्यंत. मी हे सगळं यांच्या पलंगाशेजारी बसून करायची. ते बघत राहायचे. एकदा मी बुडबुडे काढताना पाणी माझ्या नाकावर उडालं आणि त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

मेघानं आणखी एक केलं. कपाटातलं कानाचं मशीन काढून, त्याची नीट फिटिंग करून आणायला लावलं. आता शिट्टी येत नव्हती. मला म्हणाली, "काकू, आता ओरडायचं नाही. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. त्यांच्या डाव्या बाजूला बसा, तोंड त्यांच्याकडे करा. आधी श्वास घ्या, मग बोला. छोटं वाक्य. पूर्ण वाक्य."

एवढंच होतं. एवढं जर आधी कुणी सांगितलं असतं, किंवा आम्ही विचारलं असतं, तर त्या मधल्या मुक्या काळाचं काय झालं असतं, हा विचार मी करत नाही.

आवाज परत आला, असं समजू नका. आजही फोनवर मला कुणी अंकलजी म्हणतं. आजही संध्याकाळी दम संपतो. फरक इतकाच की सकाळच्या वेळात माझी काही वाक्यं टोकापर्यंत पोचायला लागली. ती मी जपून वापरायची, आणि सगळ्यात आधी मऊ शब्द परत आणले. "अहो, बरं वाटतंय का?" हे वाक्य मी पुन्हा म्हणाले त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"पुष्कळ दिवसांनी," ते म्हणाले.

"काय?" आता मी विचारत होते. त्यांचं बोलणं जड होतं ना.

"अहो म्हणालीस."

आपल्या घरात असं कुणी असेल, असं वाचताना कुणाला वाटलं, तर तीनच गोष्टी सांगते. आवाज तीन-चार आठवडे बसून राहिला तर घसा दाखवा, भीतीपोटी लपवू नका. आणि दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले की वयामुळे आहे, तर "काही नाही" म्हणून घरी येऊ नका. आणि त्या माणसाशी स्वयंपाकघरातून किंवा दुसऱ्या खोलीतून बोलू नका. उठा, त्याच्यापाशी जा.

*

थंडीत यांच्या छातीत कफ झाला. पडून असलेल्या माणसाला ते होतंच, डॉक्टर म्हणाले. पुन्हा हॉस्पिटल, ऑक्सिजन, पुन्हा घरी. निखिल येऊन दहा दिवस राहून गेला. वडिलांचे पाय चेपत बसायचा. त्याच्यात आणि माझ्यात ती सकाळ होती. तिच्याबद्दल आम्ही कुणीच बोललो नाही. तो परत जाताना म्हणाला, "आई, आता फोन मी कधीच कट करत नाही. कुणाचाच." मी त्याचा गाल धरला. पण श्वास घेऊन जे बोलायला हवं होतं, ते तेव्हाही बोलले नाही.

तो गेल्याच्या पुढच्या आठवड्यात, दुपारी, मी यांना चमच्यानं पाणी पाजत होते. एक चमचा गेला. दुसरा तोंडातच राहिला. मी थांबले. छातीवर हात ठेवला, नाकाशी हात धरला. मग चमचा वाटीत ठेवला, त्यांचं तोंड पुसलं आणि त्यांच्या डाव्या कानाशी वाकून "अहो" म्हणाले. मशीन कानातच होतं. ते चालूही होतं.

मुकेश भियांना बोलावलं. त्यांनी डॉक्टर आणले. डॉक्टर बघून गेले. आजूबाजूच्या बायका जमल्या, कुणी खिडक्या उघडल्या, कुणी देवघरातून गंगाजल आणलं. मुकेश भिया माझ्याजवळ आले, डोळे पुसत. त्यांना माझा आवाज माहीत होता, आणि बाकीचंही सगळं.

"काकीजी, निखिल भिया को मैं फोन कर देता हूँ. आपसे नहीं होगा."

मी नाही म्हणून मान हलवली आणि फोन मागून घेतला. बायकांना हातानं थांबायची खूण केली. पंखा बंद करायला लावला. खुर्चीत सरळ बसले. पोटात श्वास घेतला, जितका मावेल तितका.

एकाच रिंगमध्ये त्यानं उचलला. "हां आई."

"निखिल," मी म्हणाले, "बाबा गेले. तुझी चूक नव्हती. ये."

पलीकडून त्याच्या रडण्याचा आवाज आला.

त्यानं "काय?" असं विचारलं नाही. मला ते एकदाच सांगावं लागलं.